पाच माणसं जास्त

"दोनशे एकोणसाठ," तुस्कानो सर म्हणाले आणि हातातला कागद त्यांनी माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. "खुर्च्या दोनशे चोपन्न. आता सांग, कणसे."

मी कागदाकडे बघत राहिले. सकाळचे साडेअकरा वाजले होते. शारजाचं विमान एक वीसला सुटायचं होतं. सहार विमानतळाच्या त्या हॉलमध्ये ट्रंका, दोरीने बांधलेली खोकी आणि निरोप देऊन झालं तरी काचेपलीकडून न हललेले नातेवाईक, अशी सगळी गर्दी होती. मी मात्र त्या कागदावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू वाचून तो कमी होणार होता.

तारीख लक्षात आहे. तीस मे एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, शनिवार.

मी विमानतळावर काम करणारी नव्हते. माझी जागा नरिमन पॉइंटच्या ऑफिसात, एका कॉम्प्युटरसमोर. कोल्हापूरहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि सफीन एअरवेज या शारजाच्या कंपनीच्या मुंबई ऑफिसात चिकटले, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माझे वडील कराड आगारात एसटीचे कंडक्टर. मुलगी विमान कंपनीत आहे हे ते सगळ्यांना सांगत, पण मुलगी तिथं काय करते हे त्यांना सांगता येत नसे. मलाही ते समजावून देणं अवघड जाई. एकदा प्रयत्न केला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गाडी भरली तरी तिकिटं फाडायची, असंच ना?"

तसंच होतं ते. दर उड्डाणाला काही माणसं तिकीट काढूनही येत नाहीत. कुणाचा व्हिसा अडकतो, कुणी आजारी पडतो. त्यांना आमच्याकडे 'नो-शो' म्हणत. ती किती असतील याचा अंदाज बांधायचा आणि तेवढी तिकिटं जास्त विकायची, हे माझं काम.

हे का करावं लागतं, ते मला तुस्कानो सरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. इग्नेशियस तुस्कानो आमचे मुंबईचे स्टेशन मॅनेजर, म्हणजे कंपनीच्या इथल्या कारभाराचे प्रमुख. छप्पन्न वर्षांचे, वसईचे. त्यांची आई मोगऱ्याच्या पाट्या घेऊन दादरला यायची. सर म्हणाले होते, "मोगरा संध्याकाळी सातनंतर कुणी विचारत नाही. उद्या त्याची किंमत शून्य. विमानातली खुर्ची तशीच. दार बंद झालं की ती खुर्ची नासली. तेल तेवढंच जळतं, पायलटचा पगार तेवढाच, धावपट्टीचं भाडं तेवढंच. पहिली एकशे नव्वद माणसं हा खर्च भरून काढतात. आपली भाकरी नंतरच्या साठ खुर्च्यांवर." एकाच रांगेतल्या तीन माणसांनी तीन वेगळ्या किमती का दिलेल्या असतात, तेही त्यांनीच सांगितलं. ज्याला आधीपासून ठाऊक आहे तो स्वस्तात घेतो, ज्याला आयत्या वेळी जायचंच आहे तो महाग घेतो, आणि दोघं मिळून विमान उडवतात. इतकं मोठं यंत्र, आणि त्याचा नफा शेवटच्या दहा-वीस खुर्च्यांवर लोंबकळतो, हे कळल्यावर मला त्या धंद्याची गोडीच लागली.

मी येण्याआधी शारजाच्या उड्डाणाला पाच तिकिटं जास्त विकत. मी वर्षभराचे आकडे काढले. सरासरी चौदा माणसं येत नव्हती. मी मर्यादा बारावर नेली. तीन महिन्यांत इतका फायदा दिसला की मुख्यालयातून शाबासकीचा फॅक्स आला. तो मी घरी पाठवला होता.

आणि आता सगळे मिळून सातच जण आले नव्हते.

यामागचं कारण सरांनी विचारलं तेव्हाच मला उमगलं. मी वर्षाची सरासरी काढली होती. मे संपताना सुट्टीवरून परतणारी माणसं कामावर रुजू व्हायला जात असतात. त्यात कुणी चुकत नाही. सरासरीतले चौदा हे जानेवारी-फेब्रुवारीतल्या ढिल्या दिवसांनी फुगवलेले होते. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलीनेही ही चूक केली नसती.

"आकडा तुझा आहे," सर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "म्हणून तुला बोलावलं. आता नियम काय सांगतो?"

नियम मला पाठ होता. सर्वांत स्वस्त तिकिटावरचे, आणि त्यांच्यातले सर्वांत शेवटी काउंटरवर आलेले, त्यांना थांबवायचं. हॉटेल द्यायचं, पुढच्या विमानात बसवायचं. कारण सांगायचं नाही, चूक कबूल करायची नाही आणि कुणाला विचारत बसायचं नाही. विचारलं तर सगळेच काहीतरी मागत सुटतील, असं मुख्यालयाचं म्हणणं.

नियमाप्रमाणे पाच नावं निघाली. चार एकाच ठेकेदाराकडचे सुतार होते. पाचवं नाव मंदाकिनी राऊळ.

ती सर्वांत शेवटी आली होती, कारण कुडाळहून तिची गाडी अडीच तास उशिरा पोचली होती. तिशीच्या आतबाहेरची बाई, निळी सुती साडी, पायाशी पत्र्याची ट्रंक. मी तिला बाजूला घेऊन ठरलेलं वाक्य बोलले. विमानात जागा नाही, सोमवारी पाठवू, तोवर हॉटेलात राहा.

तिने पाकिटातून व्हिसाचा कागद काढून माझ्यापुढे धरला. ती नर्स होती. अजमानच्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी मिळाली होती. व्हिसा मिळाल्यापासून साठ दिवसांत देशात पोचायचं होतं. मध्येच वडिलांना अर्धांगाचा झटका आला, ती त्यांच्या उशाशी राहिली. ते काठी धरून चालायला लागले तेव्हा निघाली. साठावा दिवस आज होता. रात्री बारानंतर तो कागद रद्द आणि नोकरी यादीतल्या पुढच्या बाईला.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी तोवर फोनवरून दुसऱ्या दोन कंपन्यांकडे चौकशी केली होती. त्या दिवशी कुणाकडेच जागा नव्हती.

मंदाकिनी रडली नाही. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ती ट्रंकेवर बसली आणि तिने मला शांतपणे एकच प्रश्न विचारला.

"मी तिकीट घेतलं तेव्हा सीट होती ना? मग ती कोणाला दिलीत?"

खोटं बोलता आलं असतं. नियम तर तेच सांगत होता. पण तिच्याकडे बघून ते जमेना.

"कुणालाच दिली नाही," मी म्हणाले. "ती नव्हतीच."

तिने मान हलवली. पेशंटच्या नातेवाइकाने काहीतरी उशिरा कबूल केल्यावर नर्सनं हलवावी तशी.

मी काउंटरमागे गेले. सर खुर्चीवर बसून चहा पीत होते. त्यांनी मला विचारलं की हिला मागं ठेवण्याचा कंपनीला किती खर्च येईल. हा हिशेब मला येत होता. हॉटेल, दोन दिवसांची जेवणं, टॅक्सी. मी आकडा सांगितला.

"आणि तिला?"

मी काउंटरवरचा कागद पुन्हा हातात घेतला.

"तो खर्च तुझ्या कॉम्प्युटरात येत नाही," ते म्हणाले. "माझ्या कागदावरही येत नाही. आपण तिकिटाच्या किमतीवरून ठरवतो की कोणाला मागं ठेवायचं. का? तर ज्याने कमी दिले त्याला कमी गरज असेल. तुला पटतं हे?"

"नाही."

"मग थांबणं कोणाला परवडेल हे कोणाला माहीत आहे?"

मी हॉलकडे पाहिलं. "त्यांचं त्यांना."

"मग जा आणि विचार."

मी नियमाची आठवण करून दिली. ते म्हणाले की नियम त्यांनाही पाठ आहे, बारा वर्षं पाठ आहे. मग मी विचारलं की लोकांना द्यायचं काय, पैसे तर आपल्याकडे नाहीत. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. नोव्हेंबरातलं मंगळवारचं आपलं विमान अर्धं रिकामं जातं. त्या नासणाऱ्या खुर्च्या द्यायच्या. आज जो थांबेल त्याला वर्षभरात जाऊन-येऊन एक फुकट तिकीट, फक्त कमी गर्दीच्या दिवसांचं. त्याला ते सोळा-सतरा हजारांचं. कंपनीला एका जेवणाच्या किमतीचं.

"आपल्याकडे दुसरं काही नसलं तरी रिकाम्या खुर्च्या भरपूर आहेत," ते म्हणाले. "त्या आज खर्च कर."

कॉलेजच्या स्नेहसंमेलनातही कधी माइकपुढे न गेलेली मी, वजनकाट्याच्या कठड्यावर चढून उभी राहिले. आधी इंग्रजीत बोलले, मग हिंदीत. घशातून आवाज येत होता पण शब्द ऑफिसातल्या पत्रासारखे निघत होते. सहकार्य, गैरसोय, विनंती. लोकांनी वर पाहिलं आणि पुन्हा आपापल्या सामानाकडे पाहिलं. एकही हात वर झाला नाही. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी वळून सरांकडे पाहिलं. त्यांनी काहीच खूण केली नाही. नुसते उभे होते, माझ्या मागं, हात पाठीशी बांधून.

मग मी मराठीत बोलले. ते मी ठरवलेलं नव्हतं. म्हणाले, "माझं नाव वैजयंती कणसे. या विमानाची किती तिकिटं विकायची ते मी ठरवते. माझा अंदाज चुकला. पाच तिकिटं जास्त विकली गेली. आता पाच जणांना थांबावं लागणार आहे. इथं एक ताई आहेत, त्या आज पोचल्या नाहीत तर त्यांची नोकरी जाईल. तुमच्यापैकी कुणाला घाई नसेल, सोमवारी गेलं तरी चालत असेल, तर मला सांगा." आणि फुकट तिकिटाचं सांगितलं. तेच मग मोडक्या हिंदीत.

मग रांगेच्या मधून पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा पुढे आले. सांगलीकडचे होते. मुलीला बाळ झालं होतं, ते बघायला निघाले होते. त्यांनी मला विचारलं की हॉटेलात जेवण मिळेल का. मिळेल म्हटलं. "मग मी थांबतो," ते म्हणाले. "बाळ काय, परवाही तेवढंच असणार."

आजूबाजूला हसू फुटलं, आणि त्या हसण्याने काहीतरी सैल झालं. एका जोडप्याने आपसांत बोलून हात वर केला. मग पुढच्या वर्गाच्या रांगेतून कोट घातलेले एक गृहस्थ आले. त्यांचं तिकीट त्या विमानातल्या सर्वांत महागांपैकी. भायखळ्याचे कापडाचे व्यापारी होते. म्हणाले, उद्या मुलुंडला भाच्याचं लग्न आहे, शारजाचं निमित्त सांगून टाळलं होतं, बहीण अजून बोलत नाही. थांबायला मिळालं तर बरंच. त्या चार सुतारांपैकी एकानेही नाव दिलं. त्याला तिकीट नोव्हेंबरातलंच हवं होतं, दिवाळीनंतर बायकोला तिकडं न्यायला.

दहा मिनिटांत माझ्याकडे अकरा नावं होती. मला पाचच हवी होती. उरलेल्या सहा जणांना मी आभार मानून परत रांगेत पाठवलं, आणि त्यातल्या दोघांचे चेहरे चक्क उतरले.

मी यादी घेऊन उभी होते आणि मला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. तिकिटाच्या किमतीवरून आम्ही ज्याला कधी हात लावला नसता तो आनंदाने थांबत होता. जिला पहिल्यांदा बाजूला काढलं होतं तिचं सगळं आयुष्य त्या विमानात होतं. हे त्या हॉलमध्ये सकाळपासून तसंच होतं. आम्ही फक्त विचारलं नव्हतं.

मंदाकिनीला मी स्वतः आत सोडायला गेले. तिने फार आभार मानले नाहीत. दाराशी थांबून म्हणाली, "तुम्ही चूक सांगितलीत ते बरं केलंत. आमच्याकडे डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत." आणि गेली. विमान अकरा मिनिटं उशिरा सुटलं.

संध्याकाळी मुख्यालयातून फोन आला. सर केबिनचं दार लावून बराच वेळ बोलले. बाहेर आले तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं की मे आणि ऑगस्ट या परतीच्या गर्दीच्या महिन्यांचे आकडे वेगळे काढ, आणि घरी जा. मी सोमवारी बारीक अक्षरात तीन पानं लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. चूक माझी होती, मर्यादा मी वाढवली होती, शिक्षा मला व्हावी, असं. ती पानं त्यांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि अहवाल मी पाठवतो म्हणाले.

मला काहीच झालं नाही. जुलैत सरांची बदली झाली, मालवाहतूक विभागात. स्टेशन मॅनेजरच्या खुर्चीवरून गोदामात. ऑफिसात म्हणत की त्यांनीच मागून घेतली, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, दगदग नको म्हणून. मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं.

नोव्हेंबरात शारजाहून माझ्या नावाने पाकीट आलं. कंपनी आपल्या सगळ्या बावीस स्टेशनांवर नवा नियम आणत होती. जागा कमी पडल्या तर आधी विचारायचं, स्वखुशीने थांबणाऱ्याला रिकाम्या दिवसांचं तिकीट द्यायचं. सहा महिन्यांच्या पाहणीत हे जुन्या पद्धतीपेक्षा स्वस्त पडलं होतं. पत्रात लिहिलं होतं की ही सूचना मुंबईच्या अधिकारी कुमारी व्ही. कणसे यांची असून कंपनी त्यांना बढती देत आहे. सोबत तीस मेच्या अहवालाची प्रत जोडली होती.

अहवाल एका पानाचा. त्यात लिहिलं होतं की मर्यादा बारावर नेण्याची सूचना स्टेशन मॅनेजर म्हणून माझी होती, जबाबदारी माझी. आणि पुढच्या ओळीत, प्रवाशांना विचारण्याची कल्पना कणसे यांची, मी तिला केवळ परवानगी दिली. खाली सही, आय. तुस्कानो.

दोन्ही वाक्यं खोटी होती.

मी ते पत्र घेऊन तशीच टॅक्सीने गोदामात गेले. सर भेंडीच्या खोक्यांमध्ये उभे राहून वजनं तपासत होते. मला बघून खूश झाले. म्हणाले, ये, तुला एक गंमत दाखवतो, माणसांच्या पायांखाली रोज किती टन भाजी उडते बघ, हिच्या भाड्याशिवाय तुझं विमान परवडायचं नाही. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि परत केलं.

मी म्हणाले की मी आजच मुख्यालयाला खरं काय ते कळवणार आहे.

"कळवू नकोस," ते म्हणाले.

"सर, कल्पना तुमची होती."

"मला ती बारा वर्षांपूर्वीच सुचली होती. बारा वर्षं मी नियमाप्रमाणे लोकांना बाजूला काढत राहिलो. कारण तुझ्यासारखं कठड्यावर चढून, माझं चुकलं, असं म्हणायचा धीर झाला नाही. सुचण्याचं काय एवढं?"

मी म्हटलं, मग निदान चुकीचा दोष तरी माझा मला द्यायचा होता. त्यांनी खोक्यावरची वही मिटली.

"हे बघ. असला नियम कंपनीला कधीच आवडत नाही. आज स्वस्त पडला म्हणून आणला. उद्या कोणीतरी हुशार माणूस येईल आणि चार पैसे वाचवायला काढून टाकेल. तेव्हा तिथं हा नियम आपला आहे असं म्हणणारं कोणीतरी बसलेलं हवं. मी दोन वर्षांत घरी जाणार. तुझी तीस वर्षं आहेत. तुला मे महिन्यात काढून टाकलं असतं तर तिथं कोण बसलं असतं?"

त्यांनी गोदामातल्या माणसाला चहा सांगितला आणि पुन्हा भेंडीबद्दल बोलू लागले.

दोन हजार नऊ साली जगभर मंदी होती. तेल महागून उतरलं होतं, विमानं अर्धी रिकामी जात होती, आमच्या कंपनीची आठ स्टेशनं बंद झाली होती. मी तेव्हा शारजाला, किती तिकिटं विकायची ते ठरवणाऱ्या विभागाची प्रमुख होते. बाहेरून सल्लागार आणले होते, तरुण, हुशार आणि खरंच मेहनती मुलं. एका बैठकीत त्यांनी खर्चकपातीची यादी वाचली. सतराव्या क्रमांकावर होतं, स्वेच्छेने थांबणाऱ्यांची तिकिटं बंद करणं आणि कमी किमतीच्या प्रवाशांना थेट थांबवणं. त्यांचे आकडे चुकीचे नव्हते. त्या वर्षापुरता पैसा वाचला असता.

अध्यक्षांनी विचारलं, हा नियम मुळात कोणाचा?

अकरा वर्षं मला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारत आलं होतं. प्रत्येक वेळी मी तुस्कानो सरांचं नाव सांगत आले होते, प्रशिक्षणात, जेवणाच्या टेबलावर, नव्या मुलांना. कागदावर काहीही असो, माझ्या तोंडून कधी दुसरं नाव निघालं नव्हतं. आता ज्याचं नाव घेतलं असतं तो माणूस नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, आणि त्या खोलीत त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

मी उभी राहिले. म्हणाले, "माझा." मग मंदाकिनी राऊळची गोष्ट सांगितली, आजोबांची, व्यापाऱ्याची. मग माझे आकडे मांडले, महिन्यागणिक वेगळे काढलेले. पाऊण तास बोलले. सतरावा मुद्दा यादीतून निघाला.

बाहेर आल्यावर मी वसईला फोन लावला. सर सदुसष्ट वर्षांचे होते, कानाने थोडं कमी ऐकू यायचं. त्यांच्या पत्नी, एर्मिना मॅडमनी त्यांच्या हातात फोन दिला. काय झालं ते मी सावकाश सगळं सांगितलं.

"सर, मी आज सगळ्यांसमोर खोटं बोलले," शेवटी मी म्हणाले. "नियम माझा आहे म्हणाले."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले.

"ऐकलं," ते म्हणाले. "त्यात खोटं काय?"